ओळ कुठे तोडायची

जुन्या पोथीत ओळ संपायची ती कागद संपला म्हणून. बोरूने लिहिणारा उजव्या समासापर्यंत जाई आणि शब्द अर्धा राहिला तरी खुशाल खालच्या ओळीवर उतरे. गद्य काय, पद्य काय, दिसायला सारखंच. चरण संपल्याची खूण म्हणून एक उभा दंड, कडवं संपलं की दोन दंड आणि त्यांच्यामध्ये आकडा, एवढीच व्यवस्था. तरी वाचणाऱ्याचं अडत नसे. त्याला ओळ आधी कानाने माहीत असायची आणि पोथी आठवणीला टेकू द्यायची.

आज उलट आहे. कवितेचं पुस्तक उघडलं की एकही शब्द वाचण्याआधी कळतं, ही कविता. डावीकडची कड सरळ, उजवीकडची दातेरी. कागद शिल्लक असताना ओळ मध्येच थांबलेली. थांबण्याची ही जागा कवीने निवडलेली असते. छंद सोडलेल्या कवितेत कवीच्या हातात उरलेलं सगळ्यात धारदार हत्यार हेच आहे, असं माझं मत. छंदात ओळ कुठे संपणार हे पाय, हात आणि गळा मिळून ठरवतात. छंद गेला की ते काम एकट्या कवीवर येतं, आणि पुष्कळजण ते अंदाजपंचे उरकतात.

पाय, हात, गळा हे नुसतं बोलायचं म्हणून म्हणत नाही. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला शिरूर आणि दौंड हे दोन तालुके आहेत. साखर कारखाने, औद्योगिक वसाहत, रेल्वे जंक्शन यांसाठी ते ओळखले जातात. कवितेसाठी कुणी त्यांचं नाव घेत नाही. पण मराठी ओळ कशी घडली हे पाहायला इथलं सामान पुरेसं आहे.

तुकोबांची पालखी दरवर्षी दौंड तालुक्यातून पंढरीला जाते. यवतचा मुक्काम, तिथलं पिठलं-भाकरी, मग वरवंड, पाटस आणि पुढे रोटीचा घाट. या घाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपाव्या लागतात. चढ असो की सपाट रस्ता, दिंडीत अभंग चालूच असतो आणि तो पायांवर म्हटला जातो. मोठ्या अभंगाची बांधणी शाळेत शिकवलेली असते, पण ती पाठ करायची गोष्ट म्हणून. पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा; यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं. ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नाही, मोजायची ती अक्षरं, आणि म्हणताना प्रत्येक अक्षर ऐसपैस ओढायचं.

या मांडणीत खरी करामत चौथ्या चरणात आहे. यमक तिसऱ्यावरच जुळून गेलेलं असतं. कानाला वाटतं, झालं, बात संपली. आणि मग चार अक्षरं येतात, यमक नसलेली, तोकडी. निघालेला माणूस उंबऱ्यावर थांबून मागे वळतो आणि एक वाक्य बोलून जातो, तसा हा चरण असतो. घरात बसून केलेल्या सगळ्या गप्पांपेक्षा तेच वाक्य लक्षात राहतं. तुकोबांनी आपले टोमणे, आपली लाचारी, आपला निर्वाणीचा निकाल पुष्कळदा या चार अक्षरांत ठेवला. गाताना या तोकड्या चरणाला बाकीच्यांइतकीच जागा मिळते. शेवटचं अक्षर लांबतं, उरलेली जागा टाळ भरून काढतात, चालणारा दम घेतो. म्हणजे लय, सूर आणि आशय या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी, चरणाच्या टोकाला, ठरतात. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोनच चरण असतात आणि हा वळून बोलण्याचा प्रकार तिथे होत नाही. त्याची चाल संवादाची, सवाल-जवाबाची.

छपाई आली तेव्हा खिळे जुळवणाऱ्यापुढे प्रश्न उभा राहिला असणार. विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी संपादलेली तुकोबांची गाथा इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ आणि १८७३ मध्ये दोन भागांत निघाली. त्यानंतर कितीतरी गाथा निघाल्या. चार चरण एका ओळीत लावायचे, दोन ओळींत की चार, याबाबत त्यांच्यात एकवाक्यता नाही. तरी वारकऱ्याचं काही बिघडत नाही. कोणतीही प्रत त्याच्या हातात द्या, तो थांबायचा तिथेच थांबतो.

आता हात. शिरूर तालुक्यात सविंदणे नावाचं गाव आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचं प्रचंड काम उभं केलं, त्यात या गावच्या बायकांच्याही ओव्या आहेत. महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून एक लाखाच्या वर ओव्या या प्रकल्पात जमल्या. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या लोकांपुढे ठेवायला सुरुवात केली. कागदावर बहुतेक ओवी दोन ओळींची दिसते. ध्वनिमुद्रण ऐकलं की लक्षात येतं, या दोन ओळी लिहून घेणाऱ्याने काढलेलं सार आहे. गाणारी पहिली ओळ मधोमध तोडते, अर्धा तुकडा पुन्हा घेते, मध्ये ‘बाई’, ‘गं’, ‘सांगते’, ‘माझ्या’ असे शब्द पेरते, मागच्या तुकड्याचं शेपूट पुढच्याला जोडते. दोघी जात्यावर असतील तर एकीने टाकलेलं दुसरी उचलते. खुंटा फिरत असतो आणि आवाज त्याच्या ओढीबरोबर वर-खाली होतो. दोन ओळींची ओवी म्हणायला सहज चार-पाच ओळींचा वेळ लागतो.

या तोडण्यामागे दोन कारणं दिसतात. एक अर्थात श्रमाचं. दळताना लांब दम लागणारं वाक्य परवडत नाही. दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. बऱ्याच ओव्यांत पहिल्या ओळीत नुसतं ठिकाण असतं, झाड, वाट, पंढरीची पेठ किंवा नदीचा घाट. तिथे कोण आहे, भाऊ की लेक की विठ्ठल, हे दुसऱ्या ओळीत उघड होतं. पहिली ओळ दोनदा-तीनदा घोळवली जाते तेवढा वेळ ऐकणारीला वाट पाहावी लागते, आणि रचणारीला पुढचं सुचायला सवड मिळते. दोन ओळींमधली मोकळी जागा ही अशी दोघींच्या कामाची. लिहून घेताना ती गळून जाते, आणि हातात राहते ती नीटनेटकी द्विपदी. संग्राहकांचा यात दोष नाही. लाखभर ओव्या छापायच्या तर दुसरं काय करणार? पण वाचणाऱ्याने एवढं ध्यानात ठेवावं की कागदावरची तोड दळणारीची नव्हे.

गळ्याचे दाखले दोन टोकांचे आहेत. पहिला लग्नातला. अष्टविनायकांची नावं गुंफलेलं मंगलाष्टक महाराष्ट्रात सगळीकडे म्हटलं जातं. त्यात शिरूर तालुक्यातलं रांजणगाव आहे आणि दौंडहून भीमा ओलांडून जायचा सिद्धटेकचा गणपतीही आहे. वृत्त शार्दूलविक्रीडित. एका चरणात एकोणीस अक्षरं आणि बाराव्यावर यती, म्हणजे चरण न संपता घ्यायचा थांबा. भटजी कितीही घाईत असले तरी बाराव्या अक्षरावर त्यांचा आवाज टेकतोच. या श्लोकाच्या शेवटच्या चरणात रांजणगावचा गणपती बरोबर पहिल्या बारा अक्षरांत बसतो आणि उरलेल्या सात अक्षरांत वधूवरांना मंगलाची प्रार्थना येते. आधी देव, मग थांबा, मग आशीर्वाद. ज्याला संस्कृत कळत नाही त्यालाही अक्षता कधी टाकायच्या ते कळतं, कारण थांबे त्याच्या कानात बसलेले असतात. यती शब्दाच्या पोटात पडली तर जुने छंदशास्त्री तो यतिभंगाचा दोष मानत. माधव जूलियन यांच्या ‘छंदोरचने’त या सगळ्याचा बारीक हिशेब मांडलेला आहे. थांबा आणि शब्द यांची फारकत होऊ नये, हा त्या नियमाचा गाभा.

दुसरा दाखला फडावरचा. शिरूर तालुक्यातलं कवठे येमाई हे तमाशाशी जोडलेलं गाव. तिथले बी. के. मोमीन कवठेकर (जन्म १९४७, निधन २०२१) यांनी तमाशाच्या फडांसाठी गण, गवळणी, लावण्या आणि वगनाट्यं लिहिली. विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाचा राज्य शासनाचा जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला होता. फडासाठी लिहिणाऱ्याची ओळ पुस्तकातल्या कवीच्या ओळीसारखी एकटी संपत नाही. तिचं टोक पकडायला मागे झीलकरी उभे असतात. शाहिराने ओळ सोडली की ते शेवटचा शब्द उचलतात, सुरात ओढतात, वर नेतात. पोवाड्यात त्यालाच ‘जी जी’ची जोड मिळते. म्हणून ओळीच्या टोकाला तोंड उघडं राहील असा स्वर लागतो. आकार, ईकार, ओकार चालतात. तोंड मिटवणारं व्यंजन आलं की झील अडते. ढोलकीवाल्यालाही तिथेच तुकडा वाजवायचा असतो. म्हणजे इथे ओळीचा शेवट तीन-चार माणसांच्या कामाची देवाणघेवाण असते. ज्याने फडाला गाणी पुरवली त्याला ओळ कुठे तोडावी हे कुणी शिकवावं लागत नाही. चुकला तर मागचे झीलकरी त्याच रात्री सांगतात.

छापील कवितेच्या मागे झीलकरी नाहीत, खुंटा नाही, दिंडी नाही. वाचणारा एकटा, खुर्चीत बसलेला, तोंडाने काही न म्हणणारा. त्याच्यासाठी ओळ तोडायची म्हणजे नेमकं काय करायचं?

एक अगदी साधं वाक्य घेऊ. खडकवासल्याहून निघणाऱ्या नव्या मुठा उजव्या कालव्याचं पाणी दौंड आणि इंदापूरकडे जातं. आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, कधी सुटणार आणि सुटलं तरी टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटाला, पोचणार का, या दोन प्रश्नांवर इथलं शेत चालतं. तेव्हा वाक्य असं: कालव्याला पाणी सुटलं म्हणून आबा रात्रभर बांधावर बसले आणि पाणी आलं नाही. शब्द एकही बदलायचा नाही, क्रमही बदलायचा नाही. फक्त तोडायचं.

कालव्याला पाणी सुटलं म्हणून
आबा रात्रभर बांधावर बसले
आणि पाणी आलं नाही.

इथे व्याकरण जिथे श्वास घेतं तिथेच ओळ थांबली आहे. पहिल्या ओळीत बारा अक्षरं, दुसरीत तेरा, तिसरीत आठच. दोन जवळपास सारख्या ओळींनंतर आखूड ओळ आली की आपोआप दणका बसतो. अभंगाच्या चौथ्या चरणाची ही लांबची नातलग. पण सूर शांत आहे, पारावर बातमी सांगावी तसा. सांगणाऱ्याने हे पूर्वीही पाहिलेलं आहे. कविता झाली असेल तर ती सवयीची, दरवर्षीच्या गोष्टीची.

कालव्याला पाणी
सुटलं म्हणून आबा
रात्रभर
बांधावर
बसले आणि पाणी
आलं
नाही.

आता ‘पाणी’ दोनदा ओळीच्या टोकाला आलं. टोकावरचा शब्द डोळ्यात जास्त वेळ राहतो, कारण तिथून नजरेला डावीकडे परतायचं असतं. ‘रात्रभर’ला अख्खी ओळ मिळाली आणि रात्र लांबली. खरी गंमत शेवटी आहे. ‘बसले आणि पाणी’, खाली ‘आलं’. एका क्षणापुरतं पाणी खरंच आलेलं आहे. वाचणाऱ्याच्या मनात चारीतून ते वाहायला लागतं, आणि मग पुढच्या ओळीत ‘नाही’ उभं असतं. आबांना त्या रात्री जे वाटलं असेल, तेच वाचणाऱ्याच्या वाट्याला आलं. पहिल्या मांडणीत निराशेची बातमी होती. इथे आशा आणि तिचा भंग घडून गेला. तेच शब्द, पण कवितेचा विषय बदलला. ती आता वाट पाहण्याची झाली.

कालव्याला पाणी सुटलं
म्हणून
आबा रात्रभर बांधावर बसले
आणि
पाणी आलं नाही.

तिसरी मांडणी मला सगळ्यात बोचरी वाटते. दोन अव्ययांना स्वतंत्र ओळी देऊन टाकल्या आणि वाक्याचा सांगाडा उघडा पडला. कुणीतरी पाणी सुटल्याचं सांगितलं. ‘म्हणून’. म्हणजे आबांनी विश्वास ठेवला. ‘आणि’. इथे खरं तर ‘पण’ किंवा ‘तरी’ हवं होतं. पूर्ण वाक्यात ते खपून गेलं, एकटं ठेवल्यावर खपत नाही. पाणी सुटणं आणि पाणी न येणं या दोन गोष्टी जणू एकाच कारभाराचे ओळीने लिहिलेले दोन भाग आहेत, असा सरकारी पत्राचा कोरडा सूर आला. ही कविता वाट पाहण्याची नाही, जबाबदारीची आहे. आबा तिच्यात मधल्या ओळीपुरते आहेत.

शेवटी येणाऱ्या ‘नाही’ची ही चाल मराठीत फार खोल जाते, कारण आपलं वाक्य निकाल शेपटात ठेवतं. पाणी आलं नाही. पाणी आलं असतं. पाणी आलं म्हणे. पाणी आलं का. पहिले दोन शब्द चारही ठिकाणी तेच; शेवटच्या एका शब्दाने नकार, हळहळ, ऐकीव गोष्ट आणि प्रश्न असे चार वेगळे संसार उभे केले. इंग्रजीत नकार क्रियापदाआधी येतो, प्रश्न तर वाक्याच्या तोंडाशीच कळतो. मराठी ऐकणारा मात्र शेवटच्या शब्दापर्यंत अधांतरी असतो. हा अधांतरीपणा बोलण्यात क्षणार्धात मिटतो. ओळ तोडली की तो लांबवता येतो. ‘आलं’ आणि ‘असतं’ यांच्यामध्ये कोरी जागा ठेवायची सोय आपल्या भाषेने आयती दिली आहे. नव्या कवितांत तिचा वापर मला अपेक्षित असतो त्याहून कमी दिसतो.

जे इंग्रजीत जमतं आणि मराठीत जमत नाही असंही आहे. तिकडे नामाआधी येणारे छोटे सुटे शब्द ओळीच्या टोकाला लोंबकळत ठेवतात आणि नाम पुढच्या ओळीत टाकतात. मराठीत विभक्तीचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय शब्दाला चिकटलेलं. ‘बांधावर’ यातला ‘वर’ खाली उतरवला तर वाचणाऱ्याला मुद्रणदोष वाटेल. सामासिक शब्द मात्र तोडता येतो, कारण त्याचे दोन्ही तुकडे जिवंत असतात. अमेरिकन डॉक्टर-कवी विल्यम कार्लोस विल्यम्स यांची लाल हातगाडीवरची १९२३ सालची कविता प्रसिद्ध आहे. सोळा शब्द, आठ ओळी. तिच्यात हातगाडीसाठीचा जोडशब्दच मधोमध तोडून दोन ओळींत ठेवलाय. गाडीचं चाक आधी दिसतं, गाडी नंतर. आपल्याकडे ‘माहेरवाट’, ‘पाणीपट्टी’ असे शब्द यासाठी चांगले आहेत. ‘पाणी’ वरच्या ओळीत आणि ‘पट्टी’ खालच्या. दौंडच्या शेतकऱ्याला अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

मराठी कवितेत हा बदल एका दिवसात झाला नाही. कवी अनिल, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, यांनी मुक्तछंद रुळवला. ‘भग्नमूर्ती’ हे त्यांचं खंडकाव्य १९४० चं. नावात ‘मुक्त’ असलं तरी त्यांनी लय सोडून दिली नव्हती, ओळीची लांबी मोकळी केली होती. लयीचं आवर्तन ठरलेलं, पण ओळीत किती आवर्तनं घालायची हे आशयावर. मर्ढेकरांनी उलटी वाट धरली. ‘काही कविता’ (१९४७) मध्ये त्यांनी अभंग-ओवीची जुनी मोडणी तशीच ठेवली आणि तिच्यात यंत्रयुगातलं शहर, मरण, किळस ओतली. कानाला चरणाच्या टोकाशी भक्ती अपेक्षित असते आणि हाती भलतंच लागतं. जुनी तोड न बदलता तिचा अर्थ बदलण्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

शिरूरच्या शेजारच्या खेड तालुक्यातलं पूर हे नामदेव ढसाळांचं गाव. जन्म १९४९, ‘गोलपिठा’ १९७२. त्यांच्या ओळी अनेकदा इतक्या लांब जातात की वाचणाऱ्याचा दम संपतो; विरामचिन्हांची मेहरबानी फारशी नाही. मुद्दाम थांबू न देणं हीही ओळीच्या शेवटाबद्दलची भूमिकाच आहे. ज्या वस्तीत माणसाला निवांत टेकायला जागा नाही तिथली कविता दर चार शब्दांनी विसावा कशी देईल? आणि दौंडच्या बाजूलाच पुरंदरमध्ये जेजुरी. अरुण कोलटकरांचं इंग्रजी ‘जेजुरी’ १९७६ मध्ये आलं आणि पुढच्या वर्षी त्याला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. गाव आणि रेल्वे स्टेशन यांच्यामधल्या वाटेवरच्या कवितेत ज्वारीच्या शेतात कोंबड्या नाचतात आणि छापलेले शब्दच पानावर वर-खाली उड्या मारतात. कोलटकर पेशाने जाहिरात क्षेत्रातले चित्रकार. पानावरच्या कोऱ्या जागेचं वजन त्यांना कवी होण्याआधीपासून ठाऊक असावं. ओळ इथे कान सोडून पूर्णपणे डोळ्याकडे गेली.

म्हणून तुकडे पाडले की कविता होते असं नाही. दिवाळी अंक चाळताना निम्म्या कविता अशा भेटतात की त्यांच्या ओळी पुन्हा जोडून परिच्छेद केला तर काहीच हरवत नाही, उलट वाचायला बरं वाटतं. जोडून पाहणं ही सोपी कसोटी आहे. आबांची दुसरी मांडणी जोडली की पाणी आल्याचा तो एक क्षण जातो, म्हणजे तोड कामाची होती. दुसरी खोड प्रत्येक ओळ एकेका शब्दाची करण्याची. ‘रात्रभर’ला ओळ दिल्याने तो लांबला, कारण त्याच्या वरच्या ओळी मोठ्या होत्या. सगळेच शब्द एकटे उभे केले तर एकटं असं कुणी उरत नाही.

वाचून दाखवणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. शाळेत आपण ओळीच्या शेवटी आवाज खाली पाडायला शिकलो, आणि वाक्य खालच्या ओळीत वाहून गेलं असलं तरी ती सवय सुटत नाही. अशा ओळीच्या टोकाला आवाज पाडायचा नसतो. तसाच धरून, नजर खाली उतरेल एवढं थांबून, पुढे जायचं. गझल वाचणाऱ्यांना हे बरोबर जमतं. शेराची पहिली ओळ ते दोनदा म्हणतात, श्रोत्यांना पुरतं ताणतात, आणि मग दुसरी सोडतात. जात्यावरच्या बाईचंच तंत्र, फक्त दाद मिळण्यासाठी वापरलेलं.

अलीकडे ओळ तोडणारा एक नवा हात आला आहे. फोनची पाटी अरुंद, त्यामुळे लांब ओळ मावली नाही की ती आपोआप खाली उतरते, आणि ढसाळांची न थांबणारी ओळ दर पाच शब्दांनी थांबते. छापखान्यात यावर उपाय होता. ओळ बसली नाही तर उरलेला तुकडा खालच्या ओळीत बराच आत सरकवून लावत, म्हणजे ही नवी ओळ नव्हे हे वाचणाऱ्याला दिसे. फोनला ती रीत माहीत नाही. कुणाला कविता पाठवायची झाली तर पानाचा फोटो काढून पाठवा. अक्षर बारीक दिसलं तर तो बोटांनी मोठं करून घेईल.